बालीतलं जातिलुविह गाव: बघायला जायचं असेल किंवा पैसे लावायचे असतील तर आधी हे वाचा

बालीला जाणारी आपली मंडळी बहुतेक कुटा, सेमिन्याक, उबुद एवढं करून परत येतात आणि भातशेतीचे फोटो काढायला उबुदजवळच्या तेगलालांगला अर्धा तास थांबतात. खरी शेती बघायची असेल तर पश्चिमेला ताबानान जिल्ह्यात जा. तिथं पेनेबेल तालुक्यात, बातुकारू डोंगराच्या (२,२७६ मीटर) उतारावर, साधारण ७०० मीटर उंचीवर जातिलुविह नावाचं गाव आहे. सुमारे ३०० हेक्टर भातखाचरं एकाच्या खाली एक अशी उतरत गेलीत. २०१२ मध्ये युनेस्कोनं बालीच्या सुबक (शेतकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या) पद्धतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात हा सगळा पट्टा येतो, आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं या गावाला 'सर्वोत्तम पर्यटन गावां'च्या यादीत घेतलं.

त्यानंतर दोन प्रकारचे लोक विचारायला लागलेत. एक, जायचं कसं. दुसरे, 'तिथं जागा घेऊन छोटं रिसॉर्ट टाकता येईल का'. दोघांसाठी एकत्रच लिहितोय, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा पाहुणा म्हणून जाऊन आल्याशिवाय कळतच नाही.

१. आधी सुबक म्हणजे काय ते समजून घ्या

हे सोडून पुढं जाऊ नका, पुढचे सगळे कायदेकानून आणि अडचणी इथूनच निघतात.

सुबक म्हणजे एकाच पाटाचं पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. हजारएक वर्षांची जुनी पद्धत आहे. तिचा प्रमुख असतो पेकासेह, तो शेतकऱ्यांनीच निवडलेला. तिचे स्वतःचे नियम असतात, त्यांना आविग-आविग म्हणतात, त्यात पाटाच्या सफाईला कोण कधी येणार, आला नाही तर दंड किती, पाणी चोरलं तर काय, हे सगळं येतं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नदीवरची फड पद्धत ज्यांनी बघितली असेल त्यांना हे लगेच समजेल, फरक एवढाच की तिथं पाण्याचं वेळापत्रक देवळातून ठरतं. पाट जिथून फुटतो तिथं देऊळ, खाली प्रत्येक गटाचं छोटं देऊळ, आणि प्रत्येकाच्या शेतात पाणी शिरतं त्या कोपऱ्यावर देवी स्री म्हणजे भाताची देवी, श्रीदेवी, तिचं लहानसं ठाणं.

पाणी वाटतात कसं ते जवळून बघा. पाटात आडवा एक ओंडका टाकलेला असतो (आता बरेच ठिकाणी सिमेंटचा) आणि त्याला वरून खाचा पाडलेल्या असतात. ज्याची जमीन जास्त त्याची खाच रुंद, ज्याची कमी त्याची अरुंद, पण खोली सगळ्यांची सारखी. पाणी कमी झालं तरी सगळ्यांचं त्याच प्रमाणात कमी होतं. ना झडप, ना कुलूप, ना राखणदार. एखाद्यानं खाचेत दगड अडकवला तर खालच्याला तासाभरात कळतं.

याच्यात नुसती श्रद्धा आहे असं कुणाला वाटत असेल तर १९७० च्या दशकात काय झालं ते ऐका. हरितक्रांतीच्या नावाखाली सरकारनं सांगितलं की नवं सुधारित बियाणं लावा आणि जमेल तितक्या वेळा पीक घ्या, देवळाच्या वेळापत्रकाची वाट बघू नका. प्रत्येकजण आपापल्या मनानं लावणी करायला लागला, शेतं कधी रिकामी राहीनात, आणि तपकिरी तुडतुडे आणि टुंग्रो रोगानं पिकंच्या पिकं गेली. पुढं स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञानं आणि जेम्स क्रेमर या पर्यावरण अभ्यासकानं कॉम्प्युटरवर मॉडेल करून दाखवलं की देवळांची पद्धतच बरोबर होती. शेजारच्या शेतांनी एकदम लावणी-कापणी केली की मधल्या काळात किडीला खायला काही उरत नाही, आणि सगळ्या खोऱ्यानं मात्र एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही, या दोन्हीतला मेळ देवळं घालत होती.

तर गुंतवणूकदारांनो, मुद्दा हा. इथं जमिनीचा तुकडा सुटा नसतो. वरच्या शेतात सिमेंट ओतलं की खालच्या दहा जणांचं पाणी तुटतं.

२. जायचं कधी

गावाची ओळख म्हणजे तांबडा भात. ही जुनी स्थानिक जात पाच-सहा महिने घेते, म्हणून वर्षातून एकदाच लावतात, साधारण वर्षाच्या सुरुवातीला लावणी आणि जून-जुलैच्या सुमारास कापणी, मग दुसऱ्या हंगामात कमी दिवसांचा पांढरा भात. तारखा देवळाच्या आणि पाण्याच्या हिशोबानं मागंपुढं होतात, त्यामुळं बुकिंगच्या आधी होमस्टेवाल्याला मेसेज करून 'आत्ता शेतात काय आहे' एवढं विचाराच. कापणी होऊन पंधरा दिवस झाल्यावर गेलात तर नुसता धसकटांचा चिखल आणि त्यात सोडलेली बदकं दिसतील. मला तेही आवडतं, पण हिरव्या फोटोसाठी जाणारा हिरमुसतो.

माझं मत विचाराल तर कापणीला जा. तांबड्या भाताची रोपं छातीपर्यंत उंच वाढतात, आणि जुन्या पद्धतीनं कापणाऱ्या बायका विळा नाही तर आनी-आनी वापरतात, तळहातात मावणारं, लाकडी मुठीचं एवढंसं पातं. एकेक लोंबी बोटांनी ओढून त्यावर कापायची. पातं मुठीत लपलेलं असतं म्हणजे श्रीदेवी घाबरत नाही, असं त्या मानतात. मग लोंब्यांच्या जुड्या बांधून वाळवतात आणि लुंबुंगमध्ये, म्हणजे खांबांवर उभ्या केलेल्या कोठारात ठेवतात.

नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो, दुपारनंतर हमखास, म्हणून सकाळी लवकर फिरून घ्या. आणि न्येपीची तारीख बघितल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. न्येपी म्हणजे त्यांचं शक वर्षाचं नवं वर्ष, मौनाचा दिवस. २४ तास कुणी घराबाहेर पडत नाही, दिवे लावत नाहीत, विमानतळसुद्धा बंद. आपला गुढीपाडवा आणि न्येपी कधी एकाच दिवशी येतात (२०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला), कधी महिन्याचा फरक पडतो, म्हणून पाडव्यावरून अंदाज बांधू नका, बालीचं कॅलेंडरच बघा.

३. पाहुण्यांसाठी कागदपत्रं

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- परतीचं तिकीट
- व्हिसा ऑन अरायव्हल, ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), ३० दिवसांचा, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. घरूनच ऑनलाइन काढता येतो, पण इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरूनच काढा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत ज्या दुप्पट पैसे घेतात
- 'ऑल इंडोनेशिया' हा ऑनलाइन फॉर्म, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा
- बालीचा पर्यटक कर, १ लाख ५० हजार रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. 'लव्ह बाली' च्या साइटवर भरून क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवा
- प्रवास विमा

गावाच्या वेशीवर वेगळं प्रवेश तिकीट लागतं, परदेशी लोकांना जास्त. दर बदलत असतो, गेटवर लिहिलेला असतो. त्यात घासाघीस करू नका.

एक महत्त्वाचं. या व्हिसावर फिरता येतं, काम करता येत नाही. 'मित्राच्या होमस्टेला थोडी मदत करत होतो' हेसुद्धा कामातच धरलं जाऊ शकतं आणि थेट डिपोर्ट करतात. गुंतवणुकीची चाचपणी करायला जाणार असाल तर त्यासाठी डी-१२ नावाचा वेगळा व्हिसा आहे, तो काढा.

४. पोचायचं कसं

विमानतळावरून गाडीनं दोन तास तरी धरा, ट्रॅफिक लागला तर जास्त. गावापर्यंत भरवशाची सार्वजनिक बस नाही. दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, त्यात वाटेत मेंग्वीचं तामान आयुन देऊळ (तेही युनेस्कोच्या त्याच यादीत आहे) आणि ताबानान शहराजवळचं सुबक म्युझियम होऊन जातं. स्कूटर घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढताना त्यावर दुचाकीचा प्रवर्ग आहे का बघा, नसेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. पुढचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. रोख पैसे ताबानानमध्येच काढून घ्या.

५. गावात वागायचं कसं, खायचं काय

शेतातून चालायला रंगांनी खुणा केलेल्या वाटा आहेत, लहान-मोठ्या. त्या सोडून बांधावर उतरू नका. बांध मातीचे आहेत, पावसाळ्यात एक पाय घसरला तरी ढासळतो, आणि तो परत लिंपायला कुणाची तरी सकाळ जाते. समोरून डोक्यावर ओझं घेतलेला माणूस आला तर तुम्ही बाजूला व्हा. पाटाच्या तोंडाशी असलेल्या ठाण्यावर बसू नका, त्यावर बॅग ठेवू नका. जमिनीवर केळीच्या किंवा माडाच्या पानातले फुलांचे छोटे नैवेद्य ठेवलेले असतात, त्यावर पाय पडू देऊ नका. ड्रोन विचारल्याशिवाय उडवू नका.

जवळच पुरा लुहुर बातुकारू हे मोठं देऊळ आहे, तिथं सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) आणि कमरेला पट्टा लागतो, आणि पाळी सुरू असलेल्या बायकांनी आत येऊ नये असा बोर्ड असतो. पटो न पटो, त्यांचं घर आहे.

मोठ्या माणसाला 'पाक', बाईंना 'इबू', बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या पुरुषाला 'ब्ली', बाईला 'म्बोक' म्हणा. लगेच चेहरे खुलतात.

शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. तांबड्या भाताचा भात, टोफू, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), खोबरं घातलेली उराप भाजी, शेंगदाण्याच्या चटणीचं गाडो-गाडो, हे सगळं मिळतं, पण चटणीत म्हणजे सांबालमध्ये तेरासी असते, ती आंबवलेल्या कोळंबीची. आणि नुसतं 'व्हेज' म्हटलं की अंडं किंवा मासा चालतो असं समजतात. म्हणून स्पष्ट सांगायचं: 'तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेलुर, तानपा तेरासी', म्हणजे मटण-चिकन, मासा, अंडं, तेरासी काहीच नको. 'लावार' नावाची भाजी दिसायला कोशिंबिरीसारखी असते, तिच्यात मांस आणि बरेचदा रक्तही असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी खाकरा-ठेपला सोबत न्यावा, उगाच त्रास नको. तांबड्या तांदळाचा चहा मात्र चुकवू नका, भाजलेल्या तांदळाचा खमंग वास येतो.

राहायचं असेल तर गावातल्या घरीच राहा. दोन तासांत फोटो काढून जाणाऱ्यांचा पैसा शेतकऱ्यापर्यंत फार थोडा पोचतो, मुक्काम केलात तर निदान एका घरात जातो.

६. जमीन घ्यायची म्हणताय? थांबा

आता दुसरा गट. सगळ्यात मोठा सापळा इथं आहे.

इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', परदेशी माणसाला मिळत नाही. यावर एजंट लोक उपाय सांगतात तो नॉमिनीचा: जमीन स्थानिक माणसाच्या नावावर, पैसे तुमचे, आणि मध्ये एक गुपचूप करार. मलाही एकानं फार गोड बोलून हेच सुचवलं होतं, वर 'सगळे असंच करतात' हे आलंच. याच कायद्याच्या कलम २६ मध्ये लिहिलंय की असा आडमार्गानं केलेला व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

दुसरा सापळा आपल्या डोक्यातलाच. 'शेतजमीन घेऊ, नंतर एनए (बिगरशेती) करून घेऊ'. २००९ च्या ४१ क्रमांकाच्या कायद्यानं अन्नधान्याची शेतजमीन संरक्षित केलीय, त्यात बेकायदा बदल केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि १ अब्ज रुपियापर्यंत दंड आहे. शिवाय संरक्षित भातजमिनींचा वेगळा नकाशा आहे आणि वर युनेस्कोचा दर्जा. २०२५ च्या डिसेंबरात जातिलुविहच्या भातपट्ट्यात नियमाबाहेर उभी राहिलेली डझनभर रेस्टॉरंट वगैरे बांधकामं सील झाली, आणि त्यात बरीचशी स्थानिक लोकांचीच होती. चिडलेल्या शेतकऱ्यांनी निषेध म्हणून हिरव्यागार शेतात चकचकीत पत्रे उभे केले. त्यांचा राग मला समजतो, जग येऊन फोटो काढतं आणि ज्याच्या शेताचा फोटो आहे त्यानं तिथं चहाची टपरीही टाकायची नाही. स्थानिकांचं हे असेल तर बाहेरून आलेल्याला कोण सोडणार.

तरी आजूबाजूच्या भागात भाडेकरारानं काही बघायचंच असेल तर या क्रमानं जा:

पहिलं, पेकासेहला भेटा. नोटरीच्याही आधी. जमीन सुबकच्या पाण्यात येते का, तिच्यावर कुठली जबाबदारी आहे, तो पाच मिनिटांत सांगतो. मग बेन्देसा आदात, म्हणजे परंपरागत गावाचा प्रमुख, आणि पेरबेकेल, म्हणजे सरकारी गावाचा प्रमुख. हे दोन वेगळे आहेत आणि दोघांचीही संमती लागते. देवळाच्या नावची जमीन आणि आदात गावाची सामाईक जमीन बाहेरच्याला विकली जात नाही, कुणी कितीही कागद दाखवू द्या.

दुसरं, जमिनीचं सर्टिफिकेट जमीन खात्याकडे तपासून घ्या. 'सेंतुह तानाहकू' या सरकारी ॲपवर प्राथमिक माहिती दिसते. 'पिपिल' नावाचा जुना कराचा कागद म्हणजे मालकी नव्हे.

तिसरं, त्या जागेचा झोन, म्हणजे ती कशासाठी वापरता येते, ते लेखी घ्या. एजंटच्या मोबाइलवरचा रंगीत नकाशा चालणार नाही.

यातलं एकही उत्तर टाळाटाळीचं आलं तर ॲडव्हान्स देऊ नका. 'आज नाही दिला तर दुसरं गिऱ्हाईक आहे' असं म्हणाले तर जाऊ द्या त्या गिऱ्हाइकाला.

७. कंपनी काढायची असेल तर

परदेशी भागीदारी असलेल्या कंपनीला पीटी पीएमए म्हणतात. नोटरीकडून स्थापनेचा दस्त, कायदा मंत्रालयाची मान्यता, कर क्रमांक, मग ओएसएस या ऑनलाइन पोर्टलवर व्यवसायाचा केबीएलआय कोड निवडून एनआयबी, म्हणजे व्यवसाय नोंदणीचा नंबर. कागदावर सोपं आहे, पण आकडा मोठा आहे: प्रत्येक व्यवसाय कोडसाठी आणि प्रत्येक ठिकाणी १० अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणुकीचा आराखडा लागतो, सर्वसाधारणपणे जमीन-इमारत धरून नाही. म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाच कोटी. सुरुवातीला किती भांडवल भरायचं हा नियम २०२५ मध्ये बदललाय, त्यामुळं जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

छोटा होमस्टे ज्या परवान्यावर चालतो तो 'पोंडोक विसाता' स्थानिक नागरिकांसाठीच आहे. तो परवाना 'वापरायला देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

८. भारतातून पैसे पाठवताना

हे लोक विसरतात आणि मग इकडे नोटिसा येतात. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवलं तर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आधीच वसूल केलेला कर, कापला जातो (रिटर्नमध्ये तो मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात). परदेशी कंपनीत शेअर घेताना २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांप्रमाणे बँकेकडे फॉर्म एफसी द्यावा लागतो. नुसता जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा बाहेर काढायला या नियमांत परवानगीच नाही. आणि दरवर्षी इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये तिकडची मालमत्ता दाखवा, नाहीतर १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. दोन्हीकडचं समजणारा सीए आधी गाठा.

९. मग करता काय येतं?

बरंच काही, आणि जमिनीला हात न लावता. पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे टूर चालवणारे असाल तर दुपारची थांबायची जागा म्हणून नको, दोन रात्रींचा मुक्काम म्हणून हे गाव घ्या. गावातल्या होमस्टेंशी हंगामाचा करार करा, स्थानिक गाइड घ्या, आपल्या लोकांच्या शाकाहारी जेवणाचं एकदा बसून शिकवा, बायका पटकन शिकतात आणि त्यांनाही नवं गिऱ्हाईक मिळतं. शेतीतल्या लोकांच्या अभ्यास सहली न्यायच्या असतील, पाणीवापर संस्थांचे लोक असतील, तर पेकासेहबरोबर बसून दिवस आखा. मला सगळ्यात जास्त हेच व्हावंसं वाटतं. आपल्याकडच्या कोकणातल्या, मावळातल्या भातवाल्यानं तो खाचांचा ओंडका प्रत्यक्ष बघावा.

भात किंवा चहा विकत घ्यायचा असेल तर शेतकऱ्यांच्या गटाकडून घ्या आणि थोडे पैसे लावणीच्या वेळी आगाऊ द्या, कारण तांबडा भात सहा महिने शेतात उभा असतो आणि तेवढा काळ त्याच्याकडे पैसा नसतो. तांबडी जात सोडून लवकर येणारी लावायचा मोह तिथंच होतो.

आणि कुठलाही करार असो, होमस्टेचा, भाताचा, गाइडचा, तो इंडोनेशियन भाषेत करा, सोबत इंग्रजी प्रत ठेवा. स्थानिक पक्ष असेल तर २००९ च्या भाषा कायद्यानं ते बंधनकारक आहे, आणि फक्त इंग्रजीत केलेला करार कोर्टानं रद्द ठरवल्याची उदाहरणं आहेत. सही करण्याआधी समोरच्याला तो त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवा, पेकासेहलाही बसवा. मग रक्कम, तारीख, आणि पीक बुडालं तर आगाऊ पैशाचं काय, एवढ्या तीन ओळी दोघांनीही आपापल्या हातानं लिहून घ्या.